तांबडी खाली बसविली आणि पुन्हा उभी केली, त्याची हकीकत

स्वस्ति श्री. चार चाकांस नमन, पाचवे डिकीत निजले आहे त्यासही नमन, आणि ज्या जॅकाने एवढा भार सोसून एक शब्द उच्चारिला नाही त्यास वेगळे नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, कार्तिक मासापासून मार्गशीर्षाचे शुद्ध पक्षापर्यंत या राज्यात जे घडले ते लिहिले आहे. ही बखर लिहावयास हुजुरांनी चांगला लेखक शोधिला, परंतु कोणी राजी होईना, सबब हुजूर खासा आपणच लिहीत आहेत, आणि आपणांस हुजूर म्हणत आहेत, कारण घरात दुसरे कोणी म्हणत नाही. राज्याची हद्द येणेप्रमाणे: पूर्वेस कडुनिंब, पश्चिमेस शेजाऱ्यांची पाण्याची टाकी, दक्षिणेस लोखंडी फाटक, आणि उत्तरेस मातोश्रींचे स्वयंपाकघर, तेथे हुजुरांचा अंमल चालत नाही. लोकवस्ती तीन: मातोश्री, राणीसाहेब वैजयंतीबाई आणि हुजूर. मोलाची चीज एकच, ती पत्र्याच्या शेडमध्ये असते, आणि तिचे नाव तांबडी.

तांबडी म्हणजे इटली देशीची दोन बैठकीची उघडी गाडी. वय हुजुरांपेक्षा दोन वर्षे जास्त, आणि रूप हुजुरांपेक्षा पुष्कळ जास्त. राणीसाहेबांचे तीर्थरूप अण्णासाहेब मिरजगावकर हे धरणावर इंजिनीअर असता तेथे जनित्रे बसवावयास एक इटालियन साहेब आला होता, तो स्वदेशी जातेवेळी ही गाडी अण्णासाहेबांस विकून गेला. मग अण्णासाहेबांनी ती अडतीस वर्षे चालविली, आणि डोळ्यांस कमी दिसू लागले तेव्हा जावयाचे हाती किल्ली दिली आणि बोलिले, "जावईबापू, सांभाळा. शहाणपणा करू नका." हुजुरांनी पहिली आज्ञा शिरसावंद्य केली, आणि दुसरीस नुसती मान डोलाविली. ऐसे असता अण्णासाहेबांस ऐंशी वर्षे पुरी होऊन वर काही महिने गेले आणि सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस नेमिला. तेव्हा राणीसाहेबांनी विचारिले, "अण्णा, तुम्हांला काय हवं?" अण्णासाहेब बोलिले, "शाल नको, चांदीचं काही नको. त्या दिवशी सकाळी तांबडीत बसून धरणाच्या भिंतीपर्यंत जायचं आणि परत यायचं. पण मला कुणी धरून बसवायचं नाही. उचलला जाईन तो एकदाच, आणि ते तुम्ही बघालच." त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया जाहली होती. सबब दिवाळीच्या पाडव्यास त्यांनी शेडमध्ये येऊन रंगीत तालीम केली. गाडीकडे पाठ केली, एक हात दारावर, एक हात काठीवर, आणि हळू खाली बसले, मग पाय एकेक आत घेतले, मग तैसेच उलट करून उठले. जेमतेम जमले, परंतु जमले, आणि उठल्यावर त्यांचे तोंड ऐसे उजळले की राणीसाहेब आत जाऊन डोळे पुसून आल्या. हे सर्व हुजुरांनी डोळ्यांदेखत पाहिले होते, हे वाचणाऱ्याने ध्यानी ठेवावे, म्हणजे पुढे हुजुरांची कीव येणार नाही.

मग पौर्णिमेचे सुमारास जुन्या गाड्यांचा मेळावा भरला आणि हुजूर तांबडीस झाडूनपुसून तेथे स्वारी करिते जाहले. तेथे एक दाढीवाले सरदार आले होते. त्यांची गाडी जमिनीस ऐसी लगटून उभी होती की तिच्याखाली मांजर शिरले तर बाहेर यावयास अर्ज करावा लागेल. त्यांनी तांबडीभोवती एक फेरी मारिली आणि मोठ्या अदबीने पुसिले, "काका, गाडी ओढ्यातनं आणली का? धोतर वर खोचल्यासारखी दिसतीय." आसपासचे लोक हसले, आणि हुजूरही हसले. घरी येताच हुजुरांनी वाकून पाहिले, तो चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये फट होती, आणि त्या फटीत हुजुरांची चार बोटे आडवी सहज गेली. सात वर्षे गाडी शेडमध्ये होती, ही फट कधी दिसली नव्हती, आणि त्या दिवसापासून दुसरे काही दिसेनासे जाहले. हुजूर सकाळी मोजीत, दुपारी मोजीत, आणि दिवेलागणीस पुन्हा मोजीत. चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंत सोळा इंच, चहूकडे सोळा, हे एका वहीत इंचाच्या आठव्या भागापर्यंत टिपून ठेविले. त्याच दिवसांत राणीसाहेब ओट्याच्या तीन पायऱ्या आडव्या होऊन, एकेक पाय जोडीत उतरत होत्या. ते हुजुरांनी वहीतून मान वर करून दोनदा पाहिले, आणि बाई हातात काही जिन्नस घेऊन उतरत असतील ऐसे समजून पुन्हा वहीत पाहिले.

मग हुजुरांनी खलबत बोलाविले. खलबतास दोन असामी. एक विश्राम पतंगे, बँकेतून निवृत्त, हुजुरांचे शाळासोबती, ज्यांनी मोबाईलवर स्प्रिंगांचे दोनशे व्हिडिओ पाहिले होते आणि स्प्रिंग हाती एकही धरिली नव्हती. दुसरे बाबालाल मुजावर मिस्त्री, वय बहात्तर, जे पंचेचाळीस वर्षे तांबडीचे दुखणेखुपणे पाहात आले. शेडमध्ये खुर्च्या मांडिल्या, चहा आला, आणि हुजुरांनी मनसुबा सांगितला की गाडी खाली बसवावयाची, आखूड स्प्रिंगा मागवावयाच्या, आणि पंचमीपूर्वी हे कार्य सिद्धीस न्यावयाचे, म्हणजे अण्णासाहेब देखण्या गाडीत बसून धरणावर जातील. पतंगे बोलिले, "अडीच इंच खाली घे. दिसली पाहिजे." बाबालाल बोलिले, "साहेब, गाडी हाय तशी बरी हाय." हुजूर बोलिले, "मिस्त्री, शोभा म्हणून काही असतं की नाही?" बाबालाल बोलिले, "लईच वाटत असंल तर एक इंच. त्याच्या खाली रस्ता आपला न्हाई. हितनं धरणापतूर अकरा स्पीडब्रेकर हाईत, त्यातले चार तर भिंतीच बांधल्यात." एकीकडून अडीच, एकीकडून एक, तेव्हा हुजुरांनी न्यायबुद्धीने मधला आकडा धरिला, दीड इंच, आणि आपल्या शहाणपणावर आपणच खूष जाहले. मग बाबालाल बशीतला चहा संपवून बोलिले, "आनि एक. स्प्रिंगांच्या डोक्यावर चार चकत्या हाईत, एक एक इंच जाड. त्या काढू नका. काढायच्याच असल्या तर आधी अण्णांना इचारा." पतंगे हसून बोलिले, "चकत्या म्हणजे जुगाड. घातल्या असतील कुणा अडाण्यानं." बाबालालांनी आपला कप विसळून पालथा घातला आणि गेले. आणि हुजुरांनी अण्णासाहेबांस विचारिले नाही. जावई ही जात सासऱ्याचे घरी मान घ्यावयास जाते, सल्ला घ्यावयास नव्हे. सात वर्षे हुजुरांनी हे ब्रीद पाळिले होते, ते चार चकत्यांपायी मोडावे ऐसे वाटले नाही.

स्प्रिंगा आल्या. काळ्या, झळझळीत, जुन्यांपेक्षा दीड इंच बुटक्या. शनिवारी पहाटे पतंगे चहाचा थर्मास घेऊन आले आणि कार्यास आरंभ जाहला. बाबालालांस बोलाविले नाही, कारण त्यांचे तोंड पाहून हुजुरांचा उत्साह जातो. गाडी जॅकाने उचलून चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढविली, चाके काढिली, नटांवर तेल सोडिले, आणि पतंगे मोबाईल धरून आज्ञा देऊ लागले आणि हुजूर खाली निजून पान्हे फिरवू लागले. पहिली स्प्रिंग सुटली ती तोफगोळा सुटावा तैसी सुटली आणि मातोश्रींच्या पितळी घंगाळास पोचा पाडून थांबली. तिच्यामागून चकती निघाली. चार स्प्रिंगांच्या चार चकत्या निघाल्या, लेथवर उत्तम ओढलेल्या, कडा मोडलेल्या, हातास गुळगुळीत. पतंगे बोलिले, "बघ, म्हणूनच फट होती. फेक ह्या." हुजुरांनी फेकिल्या नाहीत, हे त्यांचे त्या दिवसाचे एकच पुण्य. चारी चकत्या उचलून लिहावयाच्या मेजावर नेल्या आणि कागद उडू नयेत म्हणून ठेविल्या. जुन्या स्प्रिंगा पतंगे घरी घेऊन गेले, का ते विचारिले नाही.

नव्या स्प्रिंगा चढविता चढविता दुपारचे तीन वाजले, आणि गाडी जॅकवरून खाली उतरवावी तो मातोश्री ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. त्या बोलिल्या, "साडेदहाला अमावास्या लागलीय. त्यातनं शनिवार. नवं काम केलेल्या गाडीचं चाक हलवायचं नाही. उद्या दुपारी संपली की लिंबू ठेवीन, नारळ फोडीन, मग काय ते हलवा." हुजूर बोलिले, "अगं, निदान जॅकवरून उतरवू का?" मातोश्रींनी क्षणभर शास्त्र आठविले आणि बोलिल्या, "उतरव. ते वरून खाली आहे. पुढंमागं एक बोटभर नको." ऐसी आज्ञा जाहली आणि हुजुरांनी ती अक्षरशः पाळिली. आता जाणते लोक येथेच हसतील, परंतु जे जाणते नाहीत त्यांनी ऐकावे. जॅकवरून उतरलेल्या गाडीचे पाय आखडलेले असतात. तिला चार पावले पुढे आणि चार पावले मागे ढकलावी, तेव्हा ती मोकळी होऊन आपल्या जागी खाली बसते, आणि मग उंची मोजावी. हे बाबालालांस झोपेत ठाऊक आहे. हे पतंग्यांच्या व्हिडिओतही होते, परंतु शेवटास होते, आणि पतंगे शेवटापर्यंत पाहात नाहीत. सबब चाक न हलविता हुजुरांनी पट्टी लाविली, तो भरले साडेपंधरा. दीड इंच उतरावयाची, ती अर्धाच इंच उतरली. पुन्हा मोजिले, तेच. पतंगे बोलिले, "स्प्रिंगा बोगस निघाल्या." हुजुरांस शांतपणे विचार करावयास उद्या दुपारपर्यंतचा वेळ होता, आणि जवळ ग्राइंडर होता. त्यांनी ग्राइंडर उचलिला. स्प्रिंगा पुन्हा काढिल्या आणि प्रत्येकीचा दीड वेढा ठिणग्या उडवीत छाटून टाकिला, आणि पुन्हा चढविल्या, आणि चाक न हलविता पट्टी लाविली, तो बरोबर साडेचौदा. काय तो आनंद सांगावा. हुजुरांनी पतंग्यांस आलिंगन दिले, पतंग्यांनी हुजुरांस दिले, दोघांचे सदरे ग्रीसने एक जाहले, आणि वहीत लाल शाईने साडेचौदा लिहून खाली दोन रेघा ओढिल्या.

रविवारी दुपारी अमावास्या संपली. मातोश्रींनी चारी चाकांस हळदकुंकू लाविले, पुढल्या चाकाखाली लिंबू ठेविले, नारळ फोडून पाणी शिंपडिले आणि बोलिल्या, "आता हलव." हुजुरांनी गाडी सुरू केली आणि हळूच पुढे घेतली. लिंबू फुटले, चाके एक फेर फिरली, आणि तांबडीने ऐसा दीर्घ उसासा सोडिला की कडुनिंबावरचे साळुंक्यांचे जोडपे उडाले, आणि ती खाली गेली. साडेचौदावर थांबली नाही, साडेतेरावर थांबली नाही, बारांवर जाऊन टेकली. दीड इंच स्प्रिंगांचे, एक इंच चकत्यांचे, दीड इंच ग्राइंडरचे, ज्यातला अर्धा आखडलेल्या पायांनी आदले दिवशी लपविला होता, ऐसे मिळून चार इंच राज्य खचले. टायर मडगार्डात शिरले. हुजूर घाबरून आणखी पुढे गेले, तो फाटकाच्या लोखंडी पट्टीस सायलेन्सर लागला आणि गाडी तेथेच अडकली, अर्धी राज्यात आणि अर्धी परराज्यात. मातोश्री पाहून बोलिल्या, "नमस्कार करतीय वाटतं." मग पतंगे, हुजूर आणि रस्त्याने जाणारे दोन गृहस्थ यांनी मिळून तिला मागे ओढिली. आणि खरे लिहावयाचे तर, शेडमध्ये परत आणल्यावर हुजूर दहा पावले दूर उभे राहून तिजकडे पाहू लागले, आणि त्यांस ती फार देखणी दिसली. मनात म्हणाले की अण्णासाहेबांस थोडे वाकावे लागेल इतकेच, वडील माणूस आहे, सांभाळून घेईल.

सोमवारी अण्णासाहेब आले. पंचमीपूर्वी एकदा बसून पाहावे म्हणून रिक्षा करून आले होते, नवे धोतर नेसून. शेडमध्ये आले, तांबडीकडे पाहिले, आणि पाहातच राहिले. गाडीकडे पाठ केली, एक हात दारावर ठेविला तो दार चार इंच खाली, त्याकरिता कमरेत वाकले. मग हळूहळू खाली जाऊ लागले. पाडव्यास ज्या ठिकाणी बैठक लागली होती त्या ठिकाणी आज बैठक नव्हती. तेथे गुडघे थरथरू लागले, काठी घसरली, आणि अण्णासाहेब ना उभे ना बसलेले ऐसे अधांतरी राहिले. हुजूर धावले, गाडी पाहावयास पुन्हा आलेले पतंगे धावले. अण्णासाहेब दातओठ खाऊन बोलिले, "हात लावू नका." दारास धरून ते कसेबसे पुन्हा उभे राहिले, त्यास फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ राणीसाहेब खांबास टेकून उभ्या होत्या आणि एकदाही डोळे मिटले नाहीत. अण्णासाहेबांनी धोतराच्या सोग्याने कपाळ पुसिले आणि बोलिले, "गाडी देखणी झालीय, जावईबापू. पंचमीला मी रिक्षानं हॉलवर येईन. धरणाचं राहू दे." मग शेडच्या दारापर्यंत गेले आणि मागे न वळता विचारिले, "चकत्या कुठं आहेत?" हुजूर बोलिले, "माझ्या मेजावर. कागदांवर ठेवल्यात." अण्णासाहेब "बरं" म्हणाले आणि रिक्षात बसले. ते गेल्यावर राणीसाहेब बोलिल्या, "अहो, माझ्या बापानं आयुष्यात एक गोष्ट मागितली होती तुमच्याकडं. एक." आणि आत गेल्या. हुजुरांस लाज वाटली. एरवी हुजूर आपल्या फजितीवर आपणच चार विनोद करून लोकांआधी मोकळे होतात, त्या दिवशी एकही सुचला नाही.

मग हुजूर चारी चकत्या पिशवीत घालून पायी बाबालालांचे गॅरेजवर गेले. बाबालाल नमाजाहून येऊन टोपी काढीत होते. हुजुरांनी चकत्या बाकावर मांडिल्या आणि बोलिले, "मिस्त्री, मी चुकलो. ह्या कोणी घातल्या होत्या?" बाबालाल बोलिले, "मी अडाण्यानं." हुजुरांनी मान खाली घातली. बाबालालांनी एक चकती उचलिली, अंगठ्याने पुसिली आणि सांगू लागले, "एकोणतीस वर्सं झाली. बाईसाहेबांचं, तुमच्या सासूबाईंचं, संधिवातानं गुडघं गेलं होतं. गाडीत बसायला अन् उठायला अण्णांचा हात लागायचा, अन् चारचौघांत तसं उठायची त्यांस्नी लई लाज वाटायची. मग त्या येईनाशाच झाल्या. म्हणायच्या, घरात काम हाय. एक दिवस अण्णा हितं आले अन् म्हणले, बाबालाल, गाडी एवढी वर कर की हिला माझा हात लागाय नको. मी म्हणलं, एवढी म्हंजी किती? मग ह्याच जागी फळी टाकली, खाली विटा रचल्या, अन् बाईसाहेबांना तिच्यावर बसवलं. उठता येईना. कागद घातला, पुठ्ठा घातला, आणिक एक पुठ्ठा घातला, अन् जिथं त्या कुणाचा हात न धरता उठल्या तिथं मी पट्टी लावली. एक इंच कमी पडत होता. त्या ह्या चकत्या. तुमास्नी ती फट दिसली, साहेब. ते त्यांचं माप हाय." हुजूर बाकावर बसले. मग बोलिले, "हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?" बाबालाल बोलिले, "बाईसाहेबांनी शपथ घातली होती, कुणाला कळू द्यायचं न्हाई. लेकीलाबी. म्हणून तर म्हणलं, अण्णांना इचारा."

तेव्हा हुजूर बोलिले की पंचमीस चार दिवस आहेत, जुन्या स्प्रिंगा आणितो, गाडी होती तैसी करून द्या. आणि पतंग्यांकडे धावले, तो पतंग्यांचे गॅलरीत त्या स्प्रिंगा उभ्या, प्रत्येकीवर एकेक कुंडी, आणि कुंड्यांत शेवंती फुललेली. पतंगेवहिनी दारात येऊन बोलिल्या, "आता कुठं फुलं धरलीयत, आणि तुम्ही खालचं काढून नेता?" हुजुरांनी त्यांचे पाय धरावयाचे तेवढे बाकी ठेविले, कुंड्या आपल्या हातांनी एकेक उतरविल्या, आणि स्प्रिंगा घेऊन आले. मग बाबालालांनी आपल्या हाताने गाडी उघडिली. जुन्या स्प्रिंगा धुतल्या, चकत्या जागच्या जागी बसविल्या. हुजुरांस आणि पतंग्यांस नट उचलून देण्याचे काम सोपविले, आणि ते दोघांनी बिनचूक केले. गाडी खाली उतरताच बाबालाल बोलिले, "आता ढकला. चार पावलं पुढं, चार पावलं मागं." हुजुरांनी घाबरत ओट्याकडे पाहिले. मातोश्री बोलिल्या, "ढकल. आज तृतीया आहे. आणि मला काय माहीत, ढकलल्याशिवाय ती खाली बसत नाही? सांगायचंस." मग ढकलिली, पट्टी लाविली, चहूकडे सोळा. हुजुरांनी फटीत हात घातला, तो चार बोटे आडवी सहज गेली, आणि हुजुरांस इतके बरे वाटले की हात काही वेळ तेथेच राहिला.

पंचमीस सकाळी अण्णासाहेब आले. त्यांनी तांबडीकडे पाहिले, मग मडगार्डाखाली काठीचे टोक घालून फट पाहिली, आणि गाडीकडे पाठ केली. एक हात दारावर, एक हात काठीवर. खाली गेले, बैठक लागली, बसले. आधी पाठ, मग एक पाय, मग दुसरा पाय. कोणाचा हात लागला नाही. मग हुजुरांनी गाडी काढिली, अकरा स्पीडब्रेकर तिने सुखरूप ओलांडिले, त्या चार भिंतीसुद्धा, आणि धरणाच्या भिंतीवर वाऱ्यात उभी केली. अण्णासाहेब पुष्कळ वेळ पाण्याकडे पाहात होते. मग बोलिले, "बाबालालनं सांगितलं वाटतं." हुजूर हो म्हणाले. अण्णासाहेब बोलिले, "पाडव्यालाच मी सांगायला हवं होतं. पण इंदूला, तुमच्या सासूबाईंना, कबूल केलं होतं, कुणाला कळू द्यायचं नाही. आमच्या घरच्या बायका दुखणं सांगत नाहीत, जावईबापू. बघावं लागतं." आणि दारावर हात ठेवून बोलिले, "ती इथं हात ठेवायची. पुढली आठ वर्षं, ती गेली तोवर, एकदाही माझा हात मागितला नाही. मला त्याचं कधीकधी वाईट वाटायचं." हुजुरांनी गाडी वळविली. हॉलच्या दारी अण्णासाहेब आपले आपण उतरले आणि सर्व गोत त्यांस ओवाळावयास पुढे जाहले.

समारंभ आटोपून सर्व मंडळी पांगू लागली तेव्हा राणीसाहेब बोलिल्या, "परत जाताना मी बसते तांबडीत." आणि हॉलच्या पायऱ्या उतरू लागल्या, आडव्या होऊन, एकेक पाय जोडीत. हातात काही नव्हते. हुजूर गाडीपाशी उभे होते आणि या वेळेस पाहात होते. राणीसाहेबांनी गाडीकडे पाठ केली, दारावर हात ठेविला, ओठ घट्ट मिटिले, आधी पाठ, मग एक पाय, मग दुसरा पाय. अण्णासाहेब वरच्या पायरीवर काठी टेकून उभे होते. ते खाली आले आणि हुजुरांचे कानाशी बोलिले, "कधीपासून?" गाडीची उंची हुजुरांस आठव्या भागापर्यंत पाठ होती. या प्रश्नास त्यांनी सांगितले, "माहीत नाही."

अखेर ऐसे जाहले. मार्गशीर्ष शुद्ध दशमीस बाबालाल मिस्त्री राज्यात आले, शेडमध्ये फळी टाकिली, खाली विटा रचिल्या. राणीसाहेब प्रथम बोलिल्या, "काहीतरीच काय, मला काय झालंय?" मग हुजुरांकडे पाहिले आणि फळीवर बसल्या. हुजुरांनी आपली वही फाडून एकेक पान खाली घातले, आणि त्या जेथे कोणाचा हात न धरता उठल्या तेथे पट्टी लाविली. नव्या चकत्या त्याप्रमाणे ओढून बसविल्या आहेत. त्याउपरी दाढीवाले सरदार एकदा वाटेत भेटले आणि काका, धोतर आणखी वर गेलं, ऐसे बोलिले, त्यांस हुजुरांनी हसून रामराम केला. येणेप्रमाणे हकीकत पुरी जाहली. उणे अधिक वाटल्यास वाचणाऱ्याने येऊन आपले हाताने मोजावे, परंतु आधी चार पावले ढकलून. गाडीची उंची चहूकडे सव्वासोळा इंच. ही कोणी कमी करू नये.